सायकल चालवायला विमानात बसायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरी करते, विश्रामबागला राहते. सहा वर्षं सायकल चालवतेय. रविवारी आमचा ग्रुप हरिपूर, नरसोबाची वाडी, फार तर दंडोबापर्यंत जातो. गेल्या सीझनला 200 आणि 300 किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड) वेळेत पूर्ण केल्या. नोव्हेंबरपासून नवा सीझन सुरू झाला की 200 ते 600 अशा चारही करून सुपर रॅंडोनिअर व्हायचं मनात आहे. पण आमच्याकडे चढ नाही. स्पेनच्या मायोर्का बेटावर जगभरचे सायकलवाले ट्रेनिंगला जातात असं ऐकलं. तिथे आठ-दहा दिवस ट्रेनिंग करावं म्हणते. तीन लाखांची एफडी मेमध्ये मॅच्युअर होतेय. ग्रुपमधलं कोणी येत नाही, म्हणजे एकटीनेच जायचं. मिस्टर म्हणतात, "पैशाचं काही नाही, पण एकटी?" सासूबाई म्हणतात, "सायकल चालवायला विमानात बसायचं?" मुलगी अकरावीत आहे. ट्रेनिंगसाठी एवढा खर्च करणं योग्य आहे का? जाऊ की नको?
– विश्रामबागची एक वाचक

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न सासूबाईंनी विचारलाय. त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे, इथे संपादकांनी कापून दिलंय. त्या चार पानांत 'ट्रेनिंग' हा शब्द अकरा वेळा आलाय आणि 'सुट्टी' एकदाही नाही. पेन्सिलीने खुणा करून मोजले. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, मोजायची सवय हाताला लागलीय ती जात नाही.

तेव्हा ट्रेनिंगचं उत्तर आधी देऊन टाकते. नुसत्या ट्रेनिंगसाठी जाणार असाल तर जाऊ नका.

600 ची बीआरएम म्हणजे 40 तास. तिथे कस लागतो तो रात्री दोन वाजता टपरीच्या बाकड्यावर वीस मिनिटं पाठ टेकून परत उठण्याचा. दिव्याच्या उजेडात खड्डा ओळखण्याचा, आणि पोट नको म्हणत असताना घशाखाली काहीतरी ढकलण्याचा. मायोर्कात यातलं काही शिकायला मिळत नाही. तिथे लोक नऊला पोटभर नाश्ता करून निघतात आणि चारला परत येऊन समुद्रात पाय सोडून बसतात.

चढाचं म्हणाल, तर तुम्ही कृष्णाकाठी सपाटीला राहता हे मान्य. पण वाई तुमच्यापासून गाडीने तीन तासांवर आहे. तिथे मुक्काम टाकला की दारातच पसरणीचा घाट, पाचगणीपर्यंत साडेपाचशे मीटर चढ. मेढ्याकडून गेलात तर केळघर. आणि महाबळेश्वर ओलांडून पलीकडे उतरायची छाती असेल तर आंबेनळी : पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंत सुमारे 40 किलोमीटर, बाराशे मीटरहून जास्त चढ, मध्ये वाडा कुंभरोशीला चहा. तुम्ही पत्रात मायोर्कातल्या ज्या सा कालोब्राचं नाव तीनदा लिहिलंय, तो चढ साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी सात टक्क्यांचा. आंबेनळीपेक्षा दुपटीने खडा आहे खरा, पण आंबेनळी त्याच्या चौपट लांब आहे, आणि बीआरएमला असं लांबलचक चालवलेलंच कामी येतं. मांड्यांना देश कळत नाही.

शिवाय अशा कॅम्पचं एक गणित लोक विसरतात. ताकद सायकल चालवताना वाढत नाही, चालवल्यावर मिळणाऱ्या विश्रांतीत वाढते. आठवड्याला दीडशे किलोमीटर चालवणारी बाई तिकडे जाऊन आठ दिवसांत सहाशे किलोमीटर डोंगर चढते, तेरा-चौदा तासांचा विमानप्रवास करून येते, सोमवारी काउंटरवर बसते आणि गुरुवारी तापाने फणफणते. केलेलं सगळं पाण्यात. पैसे टाकलेत म्हणून रोज चालवायचंच, हा हिशेब बँकेत ठीक आहे, सायकलवर नाही.

आता दुसरी बाजू. मी स्वतः जाऊन आलेय. एप्रिल 2023, नुकती निवृत्त झालेली, वय अठ्ठावन्न, एकटी. मीही घरी-दारी 'ट्रेनिंगला चाललेय' असंच सांगितलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी कसलं ट्रेनिंग, हे कोणी विचारलं नाही ते नशीब.

तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला उसाच्या ट्रॉल्यांबद्दल सांगायला नको. कारखाने सुरू झाले की पहाटे पाचला सायकल काढायची म्हणजे त्यांच्याशीच गाठ. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि ट्रॅक्टरवर गाणी अशी मोठ्याने लावलेली की तुमची घंटा त्याच्या बापालाही ऐकू जाऊ नये. आमच्याकडे साताऱ्यात हायवेला लागलं की ट्रॉल्यांच्या जोडीला कंटेनर. बारा वर्षं मी एक कान मागे ठेवून सायकल चालवतेय. तिकडे दुसऱ्या दिवशी पोर्ट दे पोयेन्साहून निघून फेमेनियाचा चढ चढत होते. मागे गाडी आल्याचा आवाज आला. मी सवयीने कडेला, पार खडीत. गाडी काही पुढे जाईना. वाटलं, आता हॉर्न, मग शिव्या. वळण संपलं, समोरचा रस्ता दिसायला लागला, तेव्हा ती गाडी पलीकडच्या लेनमधून सावकाश निघून गेली. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं, असा स्पेनमध्ये कायदा आहे. कायदे आपल्याकडेही उदंड आहेत, ते असो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंघोळ करताना लक्षात आलं की मानेतली ती नेहमीची कळ नाहीये. ती सायकलच्या हँडलमुळे आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. हँडल दोनदा बदललंही होतं.

ही गोष्ट मला साताऱ्यात कितीही पैसे मोजून मिळाली नसती. सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे ते एवढंच.

पण तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाहीये, म्हणून माझी फजितीही ऐका.

आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, मोटरसायकलसारखा. तिकडे डावा ब्रेक पुढच्या चाकाला. भाड्याची सायकल देताना दुकानातल्या मुलाने बहुतेक सांगितलंही असेल, मी नुसती मान हलवली. सा कालोब्राची तऱ्हा अशी की रस्ता एकच. आधी डोंगरावरून समुद्रापर्यंत खाली उतरायचं आणि मग त्याच रस्त्याने वर यायचं. म्हणजे गड आधी उतरायचा, मग चढायचा. 1932 सालचा तो रस्ता, सव्वीस अवघड वळणं, एका ठिकाणी तर रस्ता गरकन फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातो. त्याला तिकडे टायची गाठ म्हणतात. मी गाठ ओलांडली, खाली समुद्र दिसायला लागला, जरा ऐट आली, आणि वळणावर समोरून प्रवाशांची भली मोठी बस. हात आपोआप डाव्या ब्रेकवर, मागचं चाक धरेल या भरवशाने. धरलं पुढचं. कोपर सोलवटलं, जर्सी फाटली, हाड वाचलं. बसचा ड्रायव्हर उतरून आला, त्याने सायकल उभी करून दिली, चेन बसवून दिली, आणि मी पाठ करून गेलेलं 'ग्रासियास' (म्हणजे आभार) विसरून 'काही नाही, काही नाही' असं मराठीत म्हणत राहिले. मग तो सगळा चढ. एक तास बावीस मिनिटं. दुसरा रस्ताच नव्हता.

तेव्हा सायकल बुक करतानाच ब्रेक उजव्या हाताला पुढचा करून ठेवायला सांगा. इंग्लंडचे लोकही आपल्यासारखेच, त्यामुळे बऱ्याच दुकानांना ही मागणी नवीन नसते. आणि खाली बसगाड्या जातात, म्हणून सा कालोब्राला सकाळी लवकर निघा. वाहतूक उजवीकडून आहे हेही विसरू नका; सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, घोटाळा होतो तो चौकातल्या गोल बेटापाशी आणि कॉफी पिऊन परत रस्त्यावर येताना.

चौथ्या दिवशी गुडघा धरला. हाही माझाच गाढवपणा. घरच्या सायकलची मापं न्यायला हवी होती : पायडल ज्या दांड्यावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत किती, सीटच्या टोकापासून हँडल किती. मी अंदाजाने सीट बसवली, ती एक सेंटीमीटर खाली बसली. एक सेंटीमीटरने काय होतं, असं वाटेल. सत्तर किलोमीटरला पाय पंधरा हजार वेळा तरी फिरतो, प्रत्येक वेळी तेवढा जास्त मुडपून. टेप घ्या, मापं वहीत लिहा, फोनमध्ये फोटोही ठेवा. आपली सीट आणि आपली पायडल पिशवीत घालून न्या, जड नसतात. सायकल मात्र नेऊ नका. खोक्यात भरा, विमान कंपनीशी वजनावरून हुज्जत घाला, उतरल्यावर गिअरचं वाकलेलं डिरेलर सरळ करत बसा. पहिल्या खेपेला हा व्याप नको.

तर चौथा दिवस मी खोलीत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी घेऊन. घरी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मुलगा म्हणाला, "आई, काही झालंय का?" नाही म्हटलं. दुपारी थोडं रडू आलं. संध्याकाळी लंगडत बंदरावर गेले आणि होड्यांच्या दोऱ्यांचा आवाज ऐकत अंधार पडेपर्यंत बसले. शेजारच्या बाकावर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता, तोही काही बोलला नाही. त्या दिवशी मला कळलं की मला एकटीला बसता येतं. पुढचे चार दिवस फार मजेत गेले.

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. एकटीने जाणं आणि एकटीने सायकल चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना भीती दुसरीची असावी. ती सोडवता येते. तिथे सायकलवाल्यांच्या हॉटेलांतून आणि दुकानांतून वेगाप्रमाणे गट पाडून रोज राइड नेतात, गाइड बरोबर असतो, आपण पैसे भरून सामील व्हायचं. माझ्या संथ गटात तीन डच आजीआजोबा आणि आयर्लंडची एक नर्स होती, मी त्यात मध्यम वयाची ठरले. ज्या दिवशी एकटी निघाल त्या दिवशी रस्ता हॉटेलात सांगून ठेवा, फोनवर लोकेशन घरी चालू ठेवा, 112 हा मदतीचा नंबर लक्षात ठेवा. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात मी पहाटे एकटी जाते त्यापेक्षा तिकडचे दिवस मला सुरक्षित वाटले. पण संध्याकाळी सातला खोलीत परत आल्यावर पहाटेपर्यंतचं एकटेपण असतं, त्यावर गाइड मिळत नाही. ते तुम्हाला मानवतं का, हे मिस्टरांना माहीत नाही, मला नाही आणि तुमच्या चार पानांवरून तुम्हालाही नसावं.

म्हणून पैसे भरण्याआधी हे करा. मार्चएंडची धावपळ संपली की एप्रिलमध्ये चार दिवसांची रजा टाका आणि एकट्या वाईला या. गाडीवर सायकल टाकून या, ग्रुपला बोलवू नका. साधी खोली घ्या. पहिल्या दिवशी पसरणी चढून पाचगणीला जा, टेबललँडवर घोडेवाल्यांशी न बोलता परत या. दुसऱ्या दिवशी मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वर आणि खाली वाई. तिसऱ्या दिवशी सायकल काढायचीच नाही. कृष्णेच्या घाटावर जाऊन ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसा, जेवा, झोपा, आणि घरी एकदाच फोन करा. चौथ्या दिवशी ताकद असेल तर आंबेनळी, नसेल तर सरळ घरी. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तुम्हाला काय वाटलं, तेवढंच मला कळवा. बरं वाटलं तर मायोर्काचं तिकीट काढा. जीव कासावीस झाला, कुलूप लावून सांगलीला पळावंसं वाटलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग तीन लाख तसेच ठेवा, ग्रुपमधल्या दोघींना तयार करा आणि पुढच्या वर्षी तिघी जा.

आणि वाईच्या त्या चार दिवसांत एकदा, पंक्चर नसताना, मागचं चाक काढून ट्यूब बदला. हसू नका. रविवारच्या ग्रुपमध्ये बायकांचं पंक्चर झालं की कोणीतरी दादा "द्या इकडे" म्हणून चाक हातातून काढूनच घेतो. मी सहा वर्षं चांगली सायकल चालवणाऱ्या, पण स्वतः ट्यूब कधीच न बदललेल्या बायका पाहिल्यात. फेमेनियावर दादा नसतो.

खर्चाचं थोडक्यात. माझे नऊ रात्रींचे 1,97,000 रुपये झाले. मुंबईहून मध्ये विमान बदलून मायोर्काच्या पाल्मा विमानतळापर्यंत जाण्या-येण्याचे 68,000, नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासकट हॉटेलचे साठ हजार, आठ दिवसांच्या सायकलचे बावीस, व्हिसा आणि विम्याचे मिळून बारा, बाकी गाइड, कॉफी, बस आणि एक फाटलेली जर्सी. तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता, आता शंभरी ओलांडलीय, शिवाय एकट्या माणसालाही खोलीचं भाडं जवळजवळ दोघांचं पडतं. तुम्ही अडीच लाख धरून चाला. उरलेले पन्नास हजार मोडू नका. विमा घेताना व्हिसासाठी लागतो तेवढा किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा तर हवाच, पण त्यात सायकलिंग बसतं का, डोंगरातून उचलून आणायचा खर्च बसतो का, हे बारीक अक्षरांत वाचा. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला बारीक अक्षरं वाचता येतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, फी 90 युरो आहे. रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, खात्याचं स्टेटमेंट, सगळं पत्रिकेसारखं जुळवून न्या.

जायचं कधी? एप्रिल तिथला खरा सीझन, हवा थंड आणि रस्ते सायकलींनी भरलेले, पण यंदाच्या एप्रिलला व्हिसा आणि तयारी दोन्ही जमणार नाही. पुढच्या एप्रिलला मुलीची बारावी होऊन सीईटी. त्याच्या पुढे ॲडमिशन. सोयीचं वर्ष म्हणून वाट बघाल तर माझ्यासारख्या अठ्ठावन्नला जाल. मी तुमच्यासाठी कॅलेंडर काढून बसले. 2026 ला अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे सण पुढे गेलेत. गणपती 14 सप्टेंबरला. 30 सप्टेंबरला तुमची सहामाही. घटस्थापना 11 ऑक्टोबरला. म्हणजे 1 ते 10 ऑक्टोबर मोकळे, आणि ते का मोकळे, तर पितृपक्ष आहे. लग्न नाही, मुंज नाही, पाहुणे नाहीत, खरेदी नाही. घरची तिथी कधी येते तेवढं सासूबाईंना विचारून घ्या आणि त्याप्रमाणे तारखा पुढे-मागे करा. पितृपक्षात परदेशी निघायचं का, असं त्या म्हणतील. तिकीट तेव्हा स्वस्त पडतं की नाही ते बघून त्यांच्याशी बोला, माझ्या सासूबाई या मुद्द्यावर विरघळल्या असत्या. तिकडे तेव्हा समुद्र अजून उबदार असतो, पण शरदाचा पाऊस सुरू व्हायला लागतो, एखादा दिवस वाया जाईल. परत आल्यावर दोन आठवडे निवांत चालवा. नोव्हेंबरच्या 200 ला ताज्या पायांनी उभ्या राहाल.

कपड्यांत एक बिनबाह्यांचं विंडशीटर आणि बोटं झाकणारे हातमोजे टाका. ऑक्टोबर हीटमधल्या सांगलीहून जाताना खुळेपणा वाटेल, पण घामेजल्या अंगाने डोंगर उतरताना दात वाजतात. पाळीची तारीख जवळ असो-नसो, सामान बरोबर ठेवाच, प्रवासाने सगळं पुढे-मागे होतं.

खाण्याचं मात्र नीट ऐका. साताऱ्याच्या सगळ्या लोकांप्रमाणे मी कंदी पेढ्यांचे दोन डबे बॅगेत भरले होते, एक खायला आणि एक द्यायला. मुंबईला निघायच्या आदल्या रात्री भाचीने सांगितलं की युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. डबे शेजारी वाटले. तुम्ही शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू न्या, जर्सीच्या खिशात पेढ्यापेक्षा ते बरेच. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि साखर पोटात गेली पाहिजे, भूक लागायची वाट बघायची नाही, हे बीआरएममुळे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. मला एकदा मांस काढून त्या जागी ट्यूना मासा घालून दिला, मोठ्या प्रेमाने. टोमॅटो चोळलेला ऑलिव्ह तेलाचा पाव हा आपला आधार, आणि अंडी चालत असतील तर बटाट्याचं जाड ऑम्लेट. तिथली एन्साइमादा नावाची गोल, पिठीसाखर भुरभुरलेली मिठाई मी दोन दिवस आवडीने खाल्ली. तिसऱ्या दिवशी आयरिश नर्सने सांगितलं की तिच्या नावातच डुकराची चरबी आहे, 'साइम' म्हणजे तेच. तीन दिवस मला कसंतरीच होत होतं. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही. हे मासिक ते वाचत नाहीत.

तेव्हा एप्रिलमध्ये वाईला या आणि तिसऱ्या दिवशीचं मला लिहा. आणि घरी यापुढे 'सुट्टीवर चाललेय' असं म्हणून बघा. सासूबाई बहुधा तेवढंच म्हणतील, "मग तसं सांग की."

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, कराडचा. प्रो रायडर टेनेरिफ बेटावरच्या तेइदे डोंगरावर राहून हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग करतात. मला परवडणार नाही. महाबळेश्वरला पंधरा दिवस राहून तसाच फायदा होईल का?

उत्तर : नाही होणार. तेइदेवर रायडर राहतात ती जागा एकवीसशे मीटरच्या वर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. उंचावर हवा विरळ, रक्तात प्राणवायू कमी पोचतो, मग शरीर तांबड्या पेशी वाढवायला लागतं. पण हे सुरू व्हायला दोन हजार मीटरच्या पुढची उंची लागते, आणि फायदा पदरात पडायला तीन आठवडे तरी. आपल्या देशात मनाली त्या उंचीला आहे. लेहला जाऊ नकोस, साडेतीन हजारावर झोपणंच जड जातं, जोर काय लावशील. आणि खरं सांगू? हा एक-दोन टक्क्यांचा खेळ आहे, बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के जमवलेल्यांसाठी. तू आठवड्याला किती तास चालवतोस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. आधी कराडहून पाटण, पाटणहून कुंभार्ली घाटमाथा आणि परत, हे महिनाभर दर रविवारी कर.

महाबळेश्वरला हवा खायला राहायचं असेल तर जरूर राहा. फक्त स्ट्रॉबेरीच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी नको, वेण्णा लेकपाशी गाड्यांमधून सायकल हातात धरून चालावं लागतं.